‘ताठ उभी राहा’ म्हटल्याने पाठ ताठ होत नाही

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या गोठ्यांमध्ये बैलांची खांदशेकणी होते. हंगामभर जू वाहिलेले खांदे धुवायचे, हळद-तूप लावून शेकायचे, दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला जुंपायचं नाही. ज्या खांद्यांवर शेती उभी आहे त्यांची निगा राखली पाहिजे, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दोन महिने हा इथल्या नाचाचाही मोठा हंगाम. यवतमाळ शहरात नवरात्राचे मांडव उभे राहतात, गरबा रंगतो, भरतनाट्यम-कथकच्या वर्गांतल्या मुली कार्यक्रमांची तयारी करतात. दिवाळीला केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतल्या गोंड-कोलाम वस्त्यांवर दंडारीचा नाच सुरू होतो. या हंगामाबाहेर, पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णीकडच्या बंजारा तांड्यांवर तीज आणि होळीला बायका रिंगण धरून नाचतात. या सगळ्या नाचांचा भार पाठीच्या वरच्या भागावर आणि खांद्यांवर येतो. पण त्या खांद्यांच्या वाट्याला निगा कमी आणि सूचनाच जास्त: ‘पोक काढू नकोस’, ‘खांदे मागे घे’, ‘छाती काढ’. त्या सूचनांमागे प्रेम असतं, पण त्यांतले बरेच समज चुकीचे आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : चांगली पाठ म्हणजे काठीसारखी सरळ पाठ

वस्तुस्थिती : निरोगी कणा बाजूने पाहिला तर सरळ नसतो. मानेच्या ७ मणक्यांचा बाक आतल्या बाजूला, बरगड्या जिथे जोडलेल्या असतात त्या १२ मणक्यांचा बाक बाहेरच्या बाजूला आणि कमरेच्या ५ मणक्यांचा पुन्हा आत, अशी त्याची रचना असते. पाठीच्या वरच्या भागाचा साधारण २० ते ४५ अंशांचा बाहेरचा बाक अगदी नैसर्गिक मानला जातो. उडी मारून खाली येताना, पाय आपटून ताल देताना बसणारा हादरा हे बाकच वाटून घेतात.

सरळ दिसण्यासाठी मुलगी छाती जोराने पुढे काढते, तेव्हा खालच्या बरगड्या उघडतात आणि कमरेचा बाक वाढतो. वरची पाठ सुधारलेली दिसते, पण तिचा भार कमरेवर गेलेला असतो. तासाभराच्या सरावानंतर कंबर धरते ती अनेकदा यामुळेच.

आपल्या परंपरेनेही नर्तकाची छाती एकाच जागी गोठवलेली नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात छातीच्या पाच स्थिती सांगितल्या आहेत : आभुग्न, निर्भुग्न, प्रकम्पित, उद्वाहित आणि सम. वाकलेली, ताठ, थरथरती, उचललेली आणि समतोल. चांगली पाठ या पाचही स्थितींत जाऊ शकते आणि तिथून सहज समस्थितीत परत येते. नर्तकाने ही ये-जा कमवायची असते.

गैरसमज २ : नाचताना खांदे सतत मागे आणि खाली ओढून धरायचे

वस्तुस्थिती : खांद्यामागचं चपटं त्रिकोणी हाड म्हणजे फरा. तो छातीच्या पिंजऱ्याला हाडाने जोडलेला नाही. गळ्याखालच्या हाडाशी असलेला एक छोटा सांधा सोडला, तर तो स्नायूंच्या आधारावरच बरगड्यांवर सरकत असतो. हात बाजूने पूर्ण डोक्यावर नेला की सुमारे १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि उरलेले ६० अंश फरा वर फिरल्यामुळे मिळतात.

फरा मागे-खाली घट्ट धरून ठेवला तर तो फिरणार कसा? मग हात वर जाताना खांद्याच्या टोकाशी दुखतं किंवा मुलगी कंबर वाकवून हात वर गेल्याचा देखावा करते. भरतनाट्यममधल्या नाट्यारंभात हात खांद्याच्या उंचीवर आडवे धरायचे असतात. ‘कोपर पडू देऊ नकोस’ ही सूचना योग्यच आहे. पण कोपर उचलून धरायचं काम फऱ्याला बरगड्यांवर बसवून ठेवणाऱ्या सेराटस अँटेरियर आणि ट्रॅपिझियस या स्नायूंचंही आहे. ते थकले की खांदा कानाकडे चढतो. तेव्हा रागावून उपयोग नसतो, थोडी विश्रांती आणि पुढच्या काही आठवड्यांत ताकद हवी असते. ‘खांदे मागे’ ऐवजी ‘मान लांब, गळ्याखालची हाडं रुंद’ असं सांगून पाहा. अंग आपोआप मोकळं होतं.

गैरसमज ३ : नाच हाच व्यायाम, शेतात राबणाऱ्याला तर आणखी कशाची गरजच नाही

वस्तुस्थिती : नाचाने दम वाढतो, तोल सुधारतो, लय अंगात भिनते. पण बहुतेक नाचांमध्ये हात पुढे, बाजूला किंवा वर जातात. जोर लावून काही स्वतःकडे ओढण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. फऱ्यांच्या मधल्या आणि पाठीच्या कडेच्या स्नायूंना ताकद येते ती ओढण्याने. सूर्यनमस्काराच्या बारा अवस्थांतही ढकलणं, वाकणं, ताणणं आहे, ओढणं नाही. सूर्यनमस्कार जरूर घाला, पण त्यांनी वरच्या पाठीचं सगळं काम झालं असं समजू नका.

शेतकामाचंही तसंच. हा कापसाचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी जोरात असते. कमरेला ओटी बांधून, मान खाली, हात पुढे, अशा एकाच ढंगात बाई दिवस काढते. त्याने चिवटपणा येतो, यात शंका नाही. पण त्याच स्नायूंवर दिवसभर एकाच लांबीत ताण राहतो, उलट दिशेची हालचाल होतच नाही. संध्याकाळी तीच पाठ नाचाला उभी राहते. तिला नाचाआधी दोन मिनिटं हात वर, पाठ मागे, मान दोन्हीकडे अशा उलट्या हालचाली मिळायला हव्यात. विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदणाऱ्या पिढीला ओढण्याचा व्यायाम रोज घडत होता. नळ आणि मोटार आल्यावर तो गेला. कष्ट वाचले हे चांगलंच झालं, पण गेलेला व्यायाम आता ठरवून करावा लागेल.

गैरसमज ४ : ताकदीचे व्यायाम केले की मुली आडव्या होतात, मुलांची उंची खुंटते

वस्तुस्थिती : या भीतीने कितीतरी मुली वजनाला हातच लावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत. मोठ्यांसाठी स्नायूंच्या व्यायामाचे किमान २ दिवस सांगितले आहेत. योग्य पद्धतीने, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, हळूहळू वाढवलेल्या वजनाने उंची खुंटत नाही.

शरीर भरदार व्हायला वर्षानुवर्षं जड वजनं आणि त्याला साजेसा आहार लागतो. आठवड्यातून तीनदा रबर ओढल्याने मुलीचे खांदे रुंद होणार नाहीत. नाट्यारंभातले हात मात्र थरथरायचे थांबतील. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून उभ्या असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने विदर्भाला मल्लखांब आणि व्यायामाची मोठी परंपरा दिली. नाचणाऱ्या मुलामुलींनीही त्या परंपरेवर आपला हक्क सांगावा.

गैरसमज ५ : पाठीला पट्टा लावला की पोक जातं

वस्तुस्थिती : बाजारात मिळणारे खांदे मागे ओढणारे पट्टे थोडा वेळ आठवण करून देतात, इतकंच. पट्टा बांधलेला असताना काम पट्टा करतो. तो काढला की स्नायू होते तिथेच असतात. पट्टा घालून नाचलं तर फऱ्याची हालचालही अडते. पाठीचा कणा वाकण्याच्या आजारात डॉक्टर देतात तो पट्टा वेगळा. तो सांगितला असेल तर सांगितल्याप्रमाणे वापरायचाच.

गैरसमज ६ : वाकडं बसल्याने, एका खांद्यावर दप्तर घेतल्याने कणा वाकडा होतो

वस्तुस्थिती : कणा एका बाजूला वळण्याला स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रात हे वळण १० अंश किंवा जास्त असेल तर निदान होतं. वाढीच्या वयातल्या साधारण २ ते ३ टक्के मुलांमध्ये ते आढळतं आणि बहुतेकांमध्ये त्याचं नेमकं कारण सापडत नाही. दप्तर किंवा बसण्याची सवय हे ते कारण नव्हे. त्यामुळे आईने किंवा गुरूने स्वतःला दोष देऊ नये. पाहायचं इतकंच : मुलीला पाय जुळवून, हात सैल सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. बरगड्यांची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नाचाच्या वर्गात हे सहज लक्षात येतं, म्हणून गुरूंची नजर मोलाची.

गैरसमज ७ : पाठ दुखली म्हणजे ठेवण बिघडली

वस्तुस्थिती : ठेवण आणि दुखणं यांचं नातं इतकं सरळ नाही. पोक असूनही न दुखणारी माणसं आहेत आणि ताठ पाठीची दुखणारीही आहेत. सराव एकदम दुप्पट करणं, अपुरी झोप, एकाच ढंगात तासन्‌तास राहणं ही कारणं जास्त वेळा सापडतात.

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत आढळतो. त्यात विळ्याच्या आकाराच्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पाठीत, छातीत, हातापायांत तीव्र कळा येतात. अतिश्रम, थंडी, ताप आणि पाणी कमी पडणं यांनी त्या कळा उसळतात. दिवाळीतल्या रात्रभराच्या नाचात यातल्या तीन गोष्टी एकत्र येऊ शकतात. म्हणून वारंवार दुखणाऱ्या तरुणाला ‘पाठ ताठ ठेव’ म्हणून गप्प करू नका. सरकारी रुग्णालयात रक्ताची साधी तपासणी करून घ्या. सिकलसेल असेल तर नाचाबद्दल डॉक्टरांशी बोला. पाणी, विश्रांती आणि ऊब सांभाळा.

हातात मुंग्या किंवा बधिरता, पकड सैल होणं, पडल्यानंतरचं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, सोबत ताप किंवा वजन घटणं यांपैकी काहीही असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

गैरसमज ८ : डोक्यावर भार आला की मान आवळून धरायची

वस्तुस्थिती : माणसाचं डोकंच साधारण साडेचार-पाच किलोंचं असतं. गोंडांच्या दंडारीतले घुसाडी नर्तक त्यावर मोरपिसांचा मोठा मुकुट घालतात. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातल्या मारलवाईचे कनक राजू यांना याच घुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बंजारा बायांच्या केसांत घुगरी-टोपली, हातांत दंडापर्यंत बांगड्या, अंगावर आरशांची कांचळी (चोळी) आणि जड फेटिया (घागरा). हा भार आवळलेल्या मानेने पेलत नाही. डोकं बरगड्यांच्या वर नीट तोललेलं हवं, हनुवटी पुढे आलेली नको आणि वरच्या पाठीत चिवटपणा हवा. साज ऐन दिवशी पहिल्यांदा चढवू नका. आधी काही दिवस दहा मिनिटं, मग वीस मिनिटं अशी सवय करा.

पोळा ते दिवाळी : घरचा सराव

आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून, २० मिनिटं पुरतात. जिम लागत नाही.

ट्यूब ओढणं : सायकलची जुनी, चिरा नसलेली ट्यूब खिडकीच्या गजात अडकवा. दोन्ही टोकं धरून कोपरं बरगड्यांजवळून मागे न्या, क्षणभर थांबा, सावकाश सोडा. १०-१२ वेळा, ३ फेऱ्या.

भिंतीवर सरकते हात : भिंतीकडे तोंड करून कोपरापासून पुढचे हात भिंतीला टेकवा. भिंत हलकेच ढकलत हात वर सरकवा. कमरेचा बाक वाढू देऊ नका. १० वेळा, २ फेऱ्या.

पालथं पडून हात उचलणं : कपाळाखाली घडी केलेला टॉवेल. हात आडवे पसरून, अंगठे वर ठेवून जमिनीपासून वीतभर उचला आणि ५ सेकंद धरा. ८ वेळा. जमू लागलं की हात तिरके वर नेऊन तेच करा.

पाठ वळवणं : रांगतो तसं बसा. एक हात डोक्यामागे ठेवून ते कोपर छताकडे न्या, नजर कोपराबरोबर. प्रत्येक बाजूला ८ वेळा.

मानेचा होकार : उताणं झोपून, डोकं न उचलता हनुवटी किंचित गळ्याकडे आणा, जणू हलकेच ‘हो’ म्हणताय. ५ सेकंद, १० वेळा.

लोंबकळणं : शाळेच्या मैदानावरचा सिंगल बार किंवा मजबूत फांदी. पाय टेकवून सुरुवात करा, १०-१५ सेकंद. खांदा दुखत असेल तर हा व्यायाम सोडून द्या.

शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण अंगाची ठेवण मोडू नये, इतकाच जोर लावा. सोपं वाटू लागलं की ट्यूब आखूड धरा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जाणवणारा फरक मेंदू आणि स्नायूंची जुळणी सुधारल्याचा असतो. स्नायू खरोखर बळकट व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. पोळ्याची अमावास्या ते दिवाळीची अमावास्या हे अंतर दोन चांद्रमासांचं, म्हणजे सुमारे ५९ दिवसांचं. शरीराला जेवढा वेळ हवा, तेवढाच पंचांगाने दिलेला आहे.

म्हणून यंदा खांदशेकणीच्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाले की जुनी ट्यूब शोधा आणि खिडकीच्या गजाला बांधा. घरातल्या नाचणाऱ्या लेकराला हाक मारा, आणि पहिली फेरी तुम्हीही त्याच्यासोबत करा.