दार लावून बोलायची जागा

कुटुंब सल्ला केंद्रात येणारी बाई 'सल्ला केंद्रात जाते' असं सांगून सहसा घरातून निघत नाही. ती रेशन आणायला निघते, मुलाच्या शाळेत बोलावलंय म्हणते, माहेरी जाताना वाटेत तासभर थांबते. समुपदेशकांचं सगळं काम या तासाभराच्या भरवशावर उभं होतं. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलीस यांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढच्या काळात महाराष्ट्रात या कामाची एक रीत बसत गेली. बाई आली की आधी तिचं पूर्ण ऐकून घ्यायचं, नवऱ्याला पत्र पाठवून बोलवायचं, दोघांशी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलायचं, गरज पडली तर सासू-सासऱ्यांनाही बसवायचं. २५ मार्च २०२०ला कोरोनामुळे देश बंद झाला आणि या रीतीची पहिलीच पायरी निखळली. बाईला घराबाहेर पडता येईना.

आज त्या काळाचा मागोवा घेताना मला हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. समुपदेशनाला प्रशिक्षण लागतं, कायद्याची माहिती लागते, चिकाटी लागते. पण त्याही आधी एक कोपरा लागतो, जिथे माणसाला दुसऱ्याच्या कानावर न जाता बोलता येईल. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं चोवीस तास एकत्र राहू लागली, तेव्हा तो कोपरा उरला नाही. घरात माणसं वाढली आणि मनातलं बोलायला मात्र कुणाला जागा राहिली नाही.

पहिले काही आठवडे केंद्रांचे फोन फारसे वाजत नव्हते. घरं शांत आहेत, असा त्याचा अर्थ कुणी काढला असेल तर तो चुकीचा होता. राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा रेखा शर्मा यांनी एप्रिल २०२०मध्येच सांगितलं होतं की आयोगाकडे गरीब स्त्रियांच्या तक्रारी मुख्यतः टपालाने येतात, आणि टपालच थांबल्यामुळे प्रत्यक्ष हिंसाचार आकड्यांत दिसतो त्याहून जास्त असणार. त्याच महिन्यात आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार घ्यायला सुरुवात केली. बोलता येत नसेल तर निदान लिहिता यावं, हा त्यामागचा विचार. पुढे आकडे वर येत गेले. आयोगाकडे २०१९मध्ये १९,७३० तक्रारी आल्या होत्या, २०२०मध्ये २३,७२२ आणि २०२१मध्ये ३०,८६४. लहान मुलांसाठीच्या १०९८ या चाइल्डलाइनवर मात्र टाळेबंदीच्या आगेमागच्या अकरा दिवसांत अत्याचारापासून संरक्षण मागणारे ९२ हजारांहून अधिक फोन आल्याची नोंद झाली.

या सगळ्याला फोन हा एकमेव दरवाजा होता, आणि तोही अर्ध्याच स्त्रियांसाठी उघडा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा मोबाइल आमच्याकडे आहे. बाकीच्यांचा फोन म्हणजे नवऱ्याचा फोन किंवा घरातला एकच फोन, आणि शाळा ऑनलाइन झाल्यावर तोही मुलांच्या हातात गेला.

मग फोनवरून ऐकण्याची एक वेगळीच कला शिकावी लागली. पहिला प्रश्न 'काय झालं?' हा नसायचा. 'आत्ता बोलता येईल का?' हा असायचा. नवरा समोर असेल तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. फोन मध्येच तुटला तर परत करायचा की नाही, हे आधीच ठरवून घ्यायचं. पलीकडून कुणी 'कोण बोलतंय?' असं दरडावलं तर आपण बचत गटातल्या ताई व्हायचं आणि हप्त्याची चौकशी करून ठेवून द्यायचं. नवरा आंघोळीला गेला की, गच्चीवर कपडे वाळत घालताना, दूध आणायला गेलेल्या दहा मिनिटांत, अशा फटींमधून बायका बोलत. कुजबुजत्या आवाजात अर्धं वाक्य यायचं आणि उरलेलं अर्धं चार दिवसांनी. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा, हात, मान खाली घालणं, हे सगळं ज्यांच्या कामाचं साधन होतं त्यांना आता केवळ श्वासावरून अंदाज बांधावा लागत होता.

बोलण्याचा मजकूरही बदलला. आपल्याकडच्या कौटुंबिक सल्ल्याला तडजोडीची फार जुनी ओढ आहे. भांड्याला भांडं लागणारच, थोडं सांभाळून घे, असं म्हणत घर टिकवण्याकडे सगळ्यांचा कल. टाळेबंदीने या ओढीची परीक्षा घेतली आणि माझ्या मते ती उघडी पाडली. मारणाऱ्याबरोबर कोंडलेल्या बाईला 'सांभाळून घे' म्हणणं म्हणजे तिला धोक्यात ढकलणं. त्यामुळे आधी सुरक्षितता, बाकीचं नंतर, हा क्रम ठसला. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, औषधं आणि एक कपड्यांचा जोड एका पिशवीत ठेव. भांडण चढायला लागलं की स्वयंपाकघरात थांबू नकोस, तिथे सुरी आणि गॅस असतो. शेजारच्या एका घराला विश्वासात घेऊन ठेव. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तुला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, तुझ्या जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहेत, हेही सांगायचं. अडचण पुढे होती. न्यायालयं तातडीचीच कामं घेत होती, आणि गाड्या बंद असल्यामुळे माहेर वीस किलोमीटरवर असलं तरी परदेशात असल्यासारखं होतं.

या काळात पुणे जिल्हा परिषदेने एप्रिल २०२०मध्ये घेतलेली भूमिका मला अजून महत्त्वाची वाटते. समजावूनही जो पुरुष घरात मारहाण थांबवणार नाही, त्यालाच उचलून संस्थात्मक विलगीकरणात ठेवलं जाईल, असं तिथल्या प्रशासनाने जाहीर केलं. गावपातळीवर आधी समजावणी आणि मग ही कारवाई. एरवी मार खाणारीच घर सोडते, निवारागृह शोधते, मुलांची शाळा बदलते. इथे सरकारी भाषेत स्पष्ट म्हटलं गेलं की बाहेर जायचं असेल तर मारणाऱ्याने जावं. गावच्या बाईला समजेल अशा शब्दांत कायद्याचा अर्थ पोचवण्याचं काम त्या एका घोषणेने केलं.

अर्थात प्रत्येक घरात मारहाण नव्हती. पगार अर्धा झालेला, गाळ्याचं भाडं थकलेलं, मेच्या सुरुवातीपर्यंत दारूची दुकानं बंद असल्याने व्यसनी माणसाचे हातपाय थरथरणारे, दहावीची परीक्षा होणार की नाही म्हणून मुलगी रडणारी, आणि म्हातारे सासरे वर्तमानपत्राला हात लावायला घाबरणारे. अशा घरांना मोठं काही नको होतं. दिवसाचं वेळापत्रक, कामांची वाटणी, खोलीतला एक कोपरा ठरावीक वेळ एकाला मोकळा, बातम्या दिवसातून एकदाच. आणखी एक गोष्ट घडली, ती नोंदवायलाच हवी. पुरुष फोन करू लागले. समोर येऊन बसायला जे कधी तयार झाले नसते, ते नाव न सांगता, आवाज दाबून, 'मला झोप लागत नाही' इथून सुरुवात करत. कर्जाचं, नोकरीचं बोलता बोलता बायकोवर हात उचलल्याचंही कधी निघे. अनोळखी आवाजाचा आडोसा त्यांना उपयोगी पडला.

त्या वर्षी फोनवरच्या मदतीचे अनेक दरवाजे उघडले. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने मार्च २०२०च्या अखेरीस देशव्यापी हेल्पलाइन सुरू केली, मुंबईत महापालिका आणि एमपॉवरची चोवीस तासांची सेवा आली, केंद्र सरकारची 'किरण' ७ सप्टेंबर २०२०ला मराठीसह १३ भाषांत सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा आधीपासूनच होती.

पण खरा कस लागला तो २०२१च्या एप्रिल-मेमध्ये. पहिल्या लाटेत माणसं भीतीबद्दल बोलत होती, दुसऱ्या लाटेत मृत्यूबद्दल. बेडसाठी, रेमडेसिविरसाठी, ऑक्सिजनसाठी रात्र रात्र फिरलेले लोक आठवड्याभराने फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत, 'मीच आणला घरात.' बाजारातून आणला, ऑफिसातून आणला, लग्नाला गेलो म्हणून आणला. या अपराधी भावनेने कितीतरी घरांत भाऊ भावाशी, सून सासूशी बोलेनाशी झाली. त्यात अंत्यविधीला वीसच माणसं, अनेकांना तर चेहराही पाहायला मिळाला नाही, दहावा-तेराव्याला दारात कुणी आलं नाही. आपल्या रूढींबद्दल माझी पुष्कळ भांडणं आहेत, पण तेरा दिवस माणसं येत राहतात, गेलेल्याविषयी बोलत राहतात, शेजारणी पिठलं-भाकरी आणून देतात, याने घराला शोक पेलवतो, हे तेव्हा स्वच्छ दिसलं. तो आधार गेल्यावर समुपदेशकांनी तो फोनवर उभा केला. गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायला लावायची. सगळ्या नातलगांनी ठरलेल्या वेळी एकत्र व्हिडिओ कॉलवर यायचं. मुलांपासून मृत्यू लपवायचा नाही, 'बाबा गावाला गेलेत' म्हणायचं नाही.

आणि मग राहिल्या त्या विधवा. तिशी-पस्तिशीतल्या, पदरात दोन मुलं, नवऱ्याच्या नावावरचं कर्ज, आणि घरावर दिरांची नजर. इथे धीराचे शब्द अपुरे होते. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, शिधापत्रिकेवरचं नाव, ५० हजारांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज, ही कामं म्हणजेच समुपदेशन होतं. बाईचं मन स्थिर व्हायला कागद स्थिर व्हावा लागतो. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीतर्फे तालुक्या-तालुक्यांत हेच काम लावून धरलं, ऑगस्ट २०२१मध्ये शासनाने अशा महिलांसाठी 'मिशन वात्सल्य' आणलं, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णयही त्याच वर्षीचा. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी, कोरोनाने गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्नीचं कुंकू पुसताना, बांगड्या फोडताना पाहून विधवा प्रथेविरुद्ध आवाज उठवला आणि मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ती प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मी या ठरावाकडेही कुटुंबाच्या मानसिक आरोग्याचा निर्णय म्हणूनच पाहते. जी बाई शोकात आहे तिला आणखी दुखवायचं नाही, एवढं गावाने सामूहिकपणे ठरवलं.

या सगळ्यात समुपदेशक स्वतः कुठे होत्या? त्याही त्याच घरांत होत्या, दार लोटून, मुलांना गप्प करून, दुसऱ्यांची दुःखं ऐकत. बऱ्याच जणी मानधनावर, तेही उशिरा मिळणारं. संकट ओसरल्यावर अनेक तात्पुरत्या सेवा आटल्या, आणि नेमक्या तेव्हाच वाटण्यांची, कर्जाची, मोडलेल्या बोलण्याची भांडणं केंद्रांच्या दारात येऊ लागली. आपण समुपदेशनाला आगीचा बंब समजलो, हा माझा त्या काळावरचा सगळ्यांत मोठा आक्षेप आहे. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मानसिक आरोग्याची मोफत सेवा कायमची आहे, ही जमेची बाजू. पण नवरा-बायको-सासू अशा तिघांना समोरासमोर बसवणारं केंद्र प्रत्येक तालुक्यात, पगारी आणि कायम समुपदेशकासह असायला हवं, आणि ती मागणी आपण लावून धरायला हवी.

तोवर प्रत्येक घराला करता येण्यासारखं एक काम आहे. १४४१६, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. आणि घरातल्या कुणाला, मग ती सून असो, आजोबा असोत की आठवीतला मुलगा, फोन घेऊन दार लावून अर्धा तास बोलायचं असेल तर ती खोली त्यांना द्या. कुणाशी बोललात, काय बोललात, हे नंतर विचारू नका.