हेब्बाळचा मातीचा बांध

बंगळुरूला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहराने पाऊस अडवला तो ओढ्यांवर मातीचे बांध घालून. हेब्बाळचा तलाव त्यांतलाच. तो शहराचे संस्थापक केंपेगौडा यांच्या काळात, 1537 मध्ये झाल्याचे मानले जाते.

अशा बांधाची रचना साधी: ओढ्यावर आडवा मातीचा भराव, पाण्याकडच्या उताराला दगडी अस्तर (पिचिंग), शेताला पाणी सोडायला मोरी आणि जादा पाणी बाहेर काढायला कडेला सांडवा. सगळा जीव सांडव्यात! पाणी माथ्यावरून वाहू लागले की मागचा उतार धुपतो आणि बांध काही तासांतच फुटू शकतो. सांडव्यावाटे निघालेले पाणी राजकालुवे, म्हणजे मोठ्या नाल्यांनी, खालच्या नागवारा तलावाकडे जाते. वरचा तलाव लोंढा सावकाश सोडतो, म्हणून खालच्याला उसंत मिळते.

आता शेते गेली, पूर मात्र येतोच. ऑक्टोबर 2024 मध्ये नागवाऱ्याजवळच्या मान्यता टेक पार्कमध्ये पाणी भरले. सांडपाण्याने आधीच काठोकाठ भरलेल्या तलावात पाऊस मावणार कुठे? काठावर बाग फुलवण्यापेक्षा गाळ उपसणे, सांडवा मोकळा ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी पातळी उतरवणे कितीतरी जास्त निकडीचे आहे.