पोरांचा पिक्चर, आई-बापांची सोबत

महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई या भागातल्या पोरांना सिनेमा लवकर कळतो. कारण पडद्यावर जे बिहारमधले गाव म्हणून दाखवतात, ते त्यांच्या मावशीचे गाव निघते! प्रकाश झा यांच्या 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) या चित्रपटांतला बिहार वाईत उभा राहिला. 'दबंग' (२०१०) मधला उत्तर प्रदेश वाईचा. 'चेन्नई एक्स्प्रेस' (२०१३) मधले तामिळनाडूचे गावसुद्धा वाईच्या अंगणातले. आणि 'स्वदेस' (२००४) मधले चरणपूर म्हणजे वाईजवळची मेणवली. मग भर पिक्चरमध्ये पोरगे ओरडते, "आई, हा तर मेणवलीचा घाट!" आई म्हणते, "गप बस, लोक बघतात." पण तिलाही हसू आवरत नाही.

वाचकहो, या एका ओरडण्यात मोठी गोष्ट आहे. पडद्यावरचे सगळे खरे नसते, ते कोणीतरी ठरवून उभे केलेले असते, हे त्या पोराला कळले. आणि हे त्याला एकट्याने बघून कळले नसते. शेजारी आई होती, तिला सांगायचे होते, म्हणून ते ओरडून बाहेर आले. लहानपणी कोणता पिक्चर आवडला, हे आपण आयुष्यभर सांगतो. तो कोणाच्या शेजारी बसून पाहिला, हे मात्र सांगायचे राहून जाते. आमच्या मते मुलांची आवड घडते ती तिथेच, शेजारच्या माणसाच्या हसण्यातून, हुंदक्यातून आणि घरी परतताना झालेल्या बोलण्यातून.

तंबूतली दोन बाजूंची बैठक

आमच्या पिढीने पिक्चर पहिल्यांदा पाहिला तो तंबूत. सातारा-सांगलीकडे पुसेगावची किंवा पालीची यात्रा म्हटली की टुरिंग टॉकीजचे ट्रक आलेच. देवदर्शनाशी आमच्या घरांचा संबंध उरला नव्हता, पण तंबूशी होता! आई भाकरी फडक्यात बांधून घ्यायची, वडील पोत्याचे बसकर बगलेत मारायचे, आणि सगळी वरात निघायची. तंबूत बहुतेक ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मध्ये दोरी किंवा कनात. लहान पोरांना मात्र दोन्हीकडे मुभा.

इथेच आवडीनिवडीची पहिली परीक्षा व्हायची. वडिलांकडे बसले की दारासिंगची कुस्ती, घोड्यांच्या टापा, शिट्ट्या. आईकडे बसले की डोळ्याला पदर, "बाई गं, काय हे नशीब!" असे उसासे, आणि मांडीवर डोके ठेवून झोपण्याची सोय. एकच पिक्चर, पण दोरीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा. हुशार पोरे मारामारी वडिलांकडे बघत आणि रडण्याचा भाग आला की आईकडे सरकत.

गावातल्या विहिरीवर आणि हॉटेलच्या कपबशीत भेद सोसलेली माणसे त्या तंबूत होती. अंधारात सर्वांच्या शेजारी, त्याच जमिनीवर, तेवढ्याच पैशाच्या तिकिटावर बसणे ही त्यांच्या लेखी साधी करमणूक नव्हती. पोरांना हे कळत नसे. पण वडील पिक्चरला जाताना धुतलेला सदरा का घालतात, हे त्यांच्या लक्षात राहिले.

हा तंबू आता जवळजवळ गेला. महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली तो फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि गौरवला गेला. जत्रेतला आपला तंबू तिकडे जाऊन आला, हे आपल्या पोरांना जरूर सांगा.

पावसाळ्यातला टीव्ही

महाबळेश्वरचा पाऊस म्हणजे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. जून लागला की पर्यटक थांबतात, हॉटेलातले काम आटते, वेण्णा तलावावरची घोडी खाली जातात. ज्यांचे पोट हंगामावर, त्यांना हे महिने जड. पण या महिन्यांत बाप घरी असतो, ही पोरांच्या दृष्टीने केवढी चैन!

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. पुढे गावोगाव टीव्ही आला, तेव्हा शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी पिक्चर हा आठवड्याचा सण झाला. आळीत एका घरी टीव्ही, आणि त्याच्यासमोर सगळी आळी. धुक्यात आणि वाऱ्यात अँटेना फिरायची, पडद्यावर मुंग्या यायच्या. एक पोरगा पत्र्यावर, एक दारात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "गेलं!" "आता आलं का?" या आरोळ्यांतच अर्धा पिक्चर संपायचा.

टीव्हीने एक नवी अडचणही आणली. तंबूतला अंधार गेला आणि आई-बापांची तोंडे मुलांना दिसू लागली. नायक-नायिका जवळ आले की वडिलांना नेमकी तहान लागायची. आईला चुलीवरचे दूध आठवायचे. आजोबा खाकरायचे. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'पासून (१९७१) पुढच्या चित्रपटांतले काही विनोद तर असे, की मोठी माणसे हसू दाबत आणि पोरे विचारत, "का हसलात?" उत्तर मिळत नसे. ती लाज, ती धांदल आज आठवली की गंमत वाटते. पण तीही शिकवणच होती. कोणती गोष्ट कोणासमोर बोलायची, याची समज त्या खोलीत आली.

कोणता पिक्चर, हे कोण ठरवणार?

१९७५ हे वर्ष आठवा. त्याच वर्षी 'शोले' आला आणि त्याच वर्षी 'जय संतोषी माँ'. एकीकडे पोरे गब्बरची नक्कल करत होती, दुसरीकडे प्रेक्षक थिएटरात चपला बाहेर काढून जात होते, पडद्यापुढे नाणी आणि फुले टाकत होते. शेजारच्या बाया शुक्रवारचे उपवास धरू लागल्या. आपल्या घरात प्रश्न पडला: जायचे की नाही? काही घरांत वडिलांनी साफ नाही म्हटले. काही घरांत आई म्हणाली, "पिक्चर म्हणून बघू, हात जोडायचे नाहीत." पोरांना दोन्ही घरे पटली नाहीत. त्यांना 'शोले'च हवा होता!

आम्हाला या दोन उत्तरांपैकी दुसरे जास्त शहाणपणाचे वाटते. मनाई केलेला पिक्चर पोर चोरून बघते, आणि चोरून बघितलेल्या पिक्चरवर घरात बोलता येत नाही. बघ, पण बघताना विचार कर, असे सांगणारी आई पोराच्या हातात आयुष्यभराची शिदोरी देते.

रडण्याचेही तसेच. 'हाथी मेरे साथी' (१९७१) मधला हत्ती मेला तेव्हा रडले नाही असे पोर शोधून सापडणार नाही. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला (१९५३) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यातली आई बघून आपल्याही आया रडल्या. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये (१९५९) अस्पृश्य घरातली अनाथ मुलगी उच्चवर्णीय घरात वाढते. ती मुलगी नाही, मुलीसारखी आहे, असे घरातली आई सांगते. 'सारखी' या एका शब्दावर आपल्या किती बायकांच्या काळजात कळ उठली असेल! शेवटी नूतनने उभी केलेली ती सोशिक सुजाता रक्त देते, तेव्हा कुठे तिला मुलगी म्हणतात. पोरीने विचारले, "आई, तिने रक्त दिलं नसतं तर?" हा प्रश्न कोणत्याही परीक्षणापेक्षा मोठा आहे. तो पोरीला सुचतो, कारण शेजारी बसलेली आई रडता रडता गप्प झालेली तिने पाहिलेली असते.

आपल्याच मातीतली गोष्ट

रडवणाऱ्या पिक्चरबरोबर ताठ मानेने बघायचा पिक्चरही होता. अत्रे यांचाच 'महात्मा फुले'. जानेवारी १९५४ मध्ये त्याचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला. गाडगेबाबांचे कीर्तन त्यात आहे. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. राष्ट्रपतींचे रौप्यपदक त्याला मिळाले. सातारा जिल्ह्यातल्या पोरांना हा पिक्चर दाखवताना नकाशा जवळ ठेवावा. सावित्रीबाईंचे नायगाव खंडाळा तालुक्यात, जोतीरावांच्या पूर्वजांचे कटगुण खटाव तालुक्यात. म्हणजे ही गोष्टही मेणवलीच्या घाटासारखी ओळखीच्या मातीतली. फरक एवढाच, की हे कोणी उभे केलेले खोटे गाव नाही.

पुढे जब्बार पटेल यांनी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' केला. मामुट्टी या मल्याळी नटाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा चित्रपट आजी, सून आणि नातू एकत्र बसून बघतात. नातवाला युद्धासारखे प्रसंग हवे असतात, आजी रमाबाईंच्या प्रसंगाला डोळे पुसते. दोघांचेही खरे.

पडद्यामागची माणसे

आता 'स्वदेस'कडे परत येऊ. त्यात गावात कापडी पडद्यावर 'यादों की बारात' दाखवतात. गावची वरची माणसे पडद्यासमोर आणि खालच्या मानलेल्या जातीची माणसे, त्यांची पोरे पडद्यामागे. त्यांना सगळे उलटे दिसते. मग वीज जाते, नायक पोरांना आकाशातले तारे दाखवू लागतो, आणि मधला पडदा दूर होतो. आमच्या आजोबांच्या पिढीला हे दृश्य दाखवले, तर त्यांना समजावून सांगावे लागले नसते. नातवंडांना मात्र सांगावे लागते. "ती माणसं मागे का बसली?" असे पोर विचारते. या प्रश्नाला "गप बस" हे उत्तर नव्हे.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' तर बाप-लेकाने बरोबर बघावा असा आहे, आणि बरोबर बघायला सर्वांत अवघडही. जब्याला शाळा हवी, शालू आवडते, आणि बाप त्याला गावादेखत डुक्कर धरायला लावतो. पोराला बापाचा राग येतो. पण किशोर कदम यांनी केलेला तो कचरू नीट बघितला, तर बापाची लाचारी कोणी घडवली हेही दिसते. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रे, आणि तिच्यासमोरून डुक्कर वाहून नेणारी माणसे. या दृश्याशी थिएटरात कोणी बोलत नाही. सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन गेले होते. परतताना बसमध्ये दोघे गप्प होते. घर जवळ आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही लहानपणी काय काय कामं केलीत?" बापाने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. पिक्चरने त्याहून मोठे काय करायचे?

पाचगणीच्या न्यू एरा शाळेत 'तारे जमीं पर' (२००७) चित्रित झाला. तिथल्या मोठमोठ्या शाळांच्या स्वयंपाकघरांत आणि बागांत आपली माणसे राबतात. पण त्यातला ईशान श्रीमंत-गरीब ओळखत नाही. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात आणि बापाला वाटते, पोरगे आळशी आहे. आपल्या घरातही "शिक, शिक" म्हणत पाठीत धपाटा पडतोच. शिक्षणासाठी आपण जिवाचे रान केले, म्हणून मागे पडणाऱ्या पोराचा राग जास्त येतो. हा पिक्चर बघताना पोर पडद्याकडे बघते आणि मधूनच हळूच बापाकडेही. बापाने ती नजर ओळखावी.

आता काय करावे?

आज तंबू नाही, आळीचा एक टीव्हीही नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आई एका कोपऱ्यात मालिका बघते, पोरगा दुसऱ्या कोपऱ्यात मारामारी. एकाच खोलीत चार पडदे, आणि प्रत्येक जण आपापल्या पडद्यामागे! पोराला काय आवडते, हे बापाला ठाऊक नाही. बाप कशाने हसतो, हे पोराला ठाऊक नाही.

आम्ही फार मोठे मागत नाही. पंधरा दिवसांतून एक पिक्चर सगळ्यांनी मिळून बघा. एकदा मुलांच्या आवडीचा, एकदा मोठ्यांच्या. मुलांच्या पिक्चरला नाक मुरडू नका. तुमचा दारासिंग काही वेगळा नव्हता. मध्येच मोबाईल हातात घेऊ नका. संपल्यावर लगेच उपदेशही करू नका. फक्त विचारा, "तुला कोण आवडलं? का आवडलं?" आणि मुलाने उलट विचारले तर खरे उत्तर द्या. रडू आले तर पोरांसमोर रडा. आई-बापाला रडताना पाहिलेली मुले घाबरत नाहीत, जवळ सरकतात.

येत्या पावसाळ्यात काम थांबेल, धुके दाराशी येईल, वीज येईल-जाईल. त्या वेळी चटई अंथरा, शेंगा भाजा आणि पोरांना हाक मारा. वीज गेलीच तर अर्धा राहिलेला पिक्चर तोंडी सांगून पुरा करा. आजीला आधी बोलू द्या.