मजकुराआधीच्या ओळी

संगणकाच्या पडद्यावर पान उमटण्यापूर्वी काही ओळी येऊन गेलेल्या असतात. वाचकाला त्या दिसत नाहीत. त्यांना हेडर म्हणतात. पुढचा मजकूर कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या लिपिसंकेतानुसार वाचावयाचा आहे, हे त्या ब्राउझरला सांगतात. लखोट्याची उपमा येथे नेहमी दिली जाते; ती अर्धीच खरी होय. पत्र लिहून झाल्यावर लखोट्यावर पत्ता घालता येतो. हेडर मात्र मजकुराच्या पुढे निघतात आणि एकदा गेले की परत बोलावता येत नाहीत.

तयार फाइल पाठवताना सर्व्हरला अडचण पडत नाही. तिची लांबी व शेवटच्या बदलाची वेळ त्याला ठाऊक असते. नावाच्या शेपटावरून प्रकारही कळतो. ऐन वेळी आज्ञावलीने रचलेल्या पानाबद्दल मात्र तो अनभिज्ञ असतो. १९९३ साली अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत पुढे आलेल्या सीजीआय पद्धतीने यावर साधी तोड काढली. आज्ञावलीने प्रथम प्रकार सांगणारी ओळ लिहावी, मग एक कोरी ओळ सोडावी, मग मजकूर द्यावा. कोरी ओळ हीच सीमा. सर्व्हर वरच्या ओळी वाचतो, त्यांत स्थितिओळ व दिनांक यांची भर घालतो आणि उत्तर रवाना करतो. आज्ञावलीने स्थिती सांगितलीच नाही, तर २०० म्हणजे ‘सर्व ठीक’ असे धरले जाते. मग पानावर ‘सापडले नाही’ असे लिहिलेले का असेना!

देवनागरीच्या दृष्टीने खरा प्रश्न लिपिसंकेताचा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. १९९९ च्या एचटीटीपी नियमावलीनुसार, हेडरमध्ये संकेताचे नाव नसेल तर पश्चिम युरोपीय भाषांचा लॅटिन संकेत गृहीत धरावयाचा होता; हे गृहीतक २०१४ साली काढून टाकण्यात आले. तसे वाचल्यास ‘म’ या एका अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. पानाच्या पोटात संकेत अचूक नोंदवलेला असला, तरी हेडरचा शब्द त्या नोंदीपेक्षा वरचढ ठरतो. अपाचे या सर्व्हरच्या मांडणीत तर एखादा संकेत सरसकट जोडण्याची सोयच आहे. आज्ञावली गप्प राहिली की तो लागू होतो. अशा वेळी दोष फॉन्टला दिला जातो. वास्तविक आज्ञावलीच्या पहिल्याच ओळीत, प्रकारापुढे, यूटीएफ-८ हे नाव लिहिणे एवढेच उरलेले असते.