रोजचा पाऊण तास

पुण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दहाबारा बायका सतरंजीवर उताण्या पडल्या होत्या. गुडघ्यांखाली उशी, डोळे मिटलेले. शिकवणाऱ्या ताईंनी डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. तिथून घोटा, पोटरी, मांडी असं करत लक्ष वर सरकवायचं. कमरेपाशी आल्यावर कित्येकींनी श्वास रोखलेला दिसत होता. "नेमकं कुठे दुखतंय? किती जागेत? ठणकतंय की ओढ बसतेय?" ताई विचारत होत्या. "नुसतं बघा. घालवायला जाऊ नका." नंतर एक काकू म्हणाल्या, "अख्खी कंबर गेली असंच वाटायचं हो. नीट पाहिलं तर दुखणं तळहाताएवढं."

या माइंडफुलनेस अभ्यासक्रमाचा साचा १९७९चा, जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात घडवलेला. आठ आठवडे, आठवड्याला अडीच तासांचा एक वर्ग. त्यात विपश्यना आहे, हठयोगही. इगतपुरीला विपश्यनेसाठी जाऊन आलेल्यांना ओळख पटायला वेळ लागणार नाही.

जुन्या कंबरदुखीत दुखण्याइतकाच त्याचा धसका छळतो. वाकलं तर लचक भरेल म्हणून वाकायचंच नाही. मग स्नायू आखडतात, दुखणं वाढतं. हा धसका सैल व्हावा, एवढीच या प्रशिक्षणाची धडपड. सिएटलच्या ३४२ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश बायका होत्या. सहा महिन्यांनी रोजच्या हालचालींत ठळक सुधारणा दिसली ती हे शिकलेल्या शंभरांतल्या साठांत, आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्या शंभरांतल्या चव्वेचाळिसांत. चमत्कार नव्हे, पण फरक आहे. (पायात बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र सतरंजी गुंडाळून आधी डॉक्टर गाठायचा.)

वर्ग सोपा, घर अवघड. मूळ पद्धतीत रोज पंचेचाळीस मिनिटांचा सराव सांगितलाय. बाई आडवी झाली रे झाली की कुकरची शिट्टी होते, कुणाचा तरी चार्जर सापडत नाही, भरदुपारी लोळते म्हणून टोमणाही बसतो. एकीने चटई गच्चीत नेली, तर वाळवणाची राखण गळ्यात पडली!

तेव्हा सांगणं आहे ते घरच्या मंडळींना. फी भरलीत, छान केलंत. आता रोज पाऊण तास गॅसपाशी तुम्ही उभे राहा.