जाहिरात अडावी, काम अडू नये

आपल्या विविध भारतीवर १९६७ सालच्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. गाणे संपते, साबणाची जाहिरात येते, पुन्हा गाणे लागते. नको असेल तर आवाज कमी करावा, एवढेच काय ते आपल्या हाती. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाणे आणि जाहिरात ही दोन्ही एकाच केंद्रावरून, एकाच लहरीवरून येतात. आणि त्या साबणवाल्याला तुम्ही कोण, कुठल्या गावचे, आत्ता ऐकत बसला आहात की गोठ्यात वैरण टाकायला गेला आहात, याचा काही पत्ता नसतो.

मोबाइलवर कांद्याचा बाजारभाव पाहायला एखादे पान उघडले तर प्रकार अगदी निराळा. ते पान म्हणजे नुसता मजकूर नव्हे. त्याच्या पोटात ब्राउझरला दिलेल्या सूचना असतात: हे चित्र अमक्या ठिकाणाहून आण, ही अक्षरे तमक्या ठिकाणाहून आण, आणि ही छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, तिसऱ्याच कुणाच्या घरून आणून चालव. ब्राउझर बिचारा आज्ञाधारक. तो दहावीस घरी फिरून सारे सामान गोळा करतो. मजकूर ज्या घरचा, त्या घरची जाहिरात बहुधा नसतेच. ती परक्या घरून येते. तिच्यासोबत तुम्ही काय पाहिले, किती वेळ पाहिले, याची टिपणे ठेवणाराही येतो. या साऱ्या पाहुण्यांच्या येण्याजाण्याचा डेटा मात्र तुमच्या रिचार्जमधून कापला जातो. वर कधी कधी ‘डाउनलोड’ असे लिहिलेले मोठे हिरवे बटण समोर येते. ते खरे बटण नसून जाहिरातच असते. ते दाबून भलतेच ॲप उतरवून घेतलेली माणसे तुमच्याही गावात असतील.

आता, जाहिरात परक्या घरून येते म्हणूनच ती वेगळी ओळखता येते आणि दारातच अडवता येते. रेडिओला हे जमत नाही, ब्राउझरला जमते. संकेतस्थळावरची पट्टीवजा जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर प्रथम झळकली असे मानतात. पुढे जाहिराती वाढल्या, तशी त्या अडवणारी साधनेही निघाली. सुरुवातीला ती वेगळी जोडून घ्यावी लागत. अलीकडे ती ब्राउझरमध्ये मुळातच बसवलेली येतात. ऑपेराने २०१६ साली तशी सोय दिली. ब्रेव्ह नावाचा ब्राउझर तर त्याच सुमारास याच हेतूने निघाला. गंमत अशी की त्याच्या संस्थापकांपैकी ब्रेंडन आइक यांनीच १९९५ साली, अवघ्या दहा दिवसांत, जावास्क्रिप्ट ही भाषा रचली होती, आणि आज जाहिरातींचे बहुतेक खेळ चालतात ते याच भाषेत! गूगलच्या क्रोमने १५ फेब्रुवारी २०१८ पासून उत्तर अमेरिकेत आणि युरोपात, व ९ जुलै २०१९ पासून जगभर, फक्त फार त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती गाळायला सुरुवात केली. गूगलचा स्वतःचा संसार जाहिरातींवर चालतो, तेव्हा याहून अधिक त्याच्याकडून अपेक्षिणे भाबडेपणाचे होईल. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून पाळत ठेवणाऱ्यांना अडवण्याची सोय सर्वांसाठी आपोआप चालू ठेवली.

इथपर्यंत सगळे गोड. पण मूळ अडचण पुढेच आहे.

वेगळे साधन ज्याने स्वतःच्या हाताने जोडले, त्याला आपण काय केले ते आठवते. पान बिघडले तर तो पहिला संशय त्या साधनावर घेतो. ब्राउझरमध्ये आधीच बसवलेली चाळण मात्र कित्येकांना आहे हेही ठाऊक नसते. मग पान चालले नाही की माणूस नेटवर्कला बोल लावतो, सरकारला लावतो, नाहीतर स्वतःच्या अडाणीपणाला लावतो. आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. सातवीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ते शेवटच्या दिवशी संध्याकाळी बसले. नाव भरले, दाखले चढवले, आणि ‘सादर करा’ हे बटण दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. बटण दबल्यासारखे दिसे, पान जागचे हलेना. मुलीचे वडील शेजारी टोपी हातात घेऊन बसलेले. “गुर्जी, आमच्याच नशिबात काई हाय का हो?” असे ते म्हणाले, तेव्हा गुरुजींना काय उत्तर द्यावे ते सुचेना.

यात नशिबाचा संबंध नव्हता. घडले ते असे. त्या पानावरच्या बटणाला दोन कामे नेमून दिलेली होती. आधी एका परक्या मोजणीवाल्या स्क्रिप्टला ‘बटण दाबले बरं का’ अशी वर्दी द्यायची, आणि मग अर्ज पाठवायचा. ब्राउझरने ती मोजणीवाली स्क्रिप्ट दारातच अडवली होती. बटणाने हाक मारली, ओ द्यायला कुणी नाही, आणि आज्ञावली तिथल्या तिथे थबकली. दुसरे काम, म्हणजे ज्यासाठी सारा खटाटोप तो अर्ज पाठवणे, राहूनच गेले. खरे पाहता पान तयार करणाऱ्याने ‘मोजणीवाला नसला तरी अर्ज पुढे जाऊ दे’ एवढी तजवीज करायला हवी होती. जाणकार कारागीर ती करतात. पण सगळेच कारागीर जाणकार नसतात, आणि त्याचा दंड मुलीने का भरावा?

ही चाळण कशी चालते ते पाहू, म्हणजे तिच्या चुका कुठून येतात ते कळेल. चाळणीच्या मुळाशी असतात याद्या. ‘ईझीलिस्ट’ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. ती २००५ साली सुरू झाली आणि आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालते. भारतीय भाषांतल्या संकेतस्थळांसाठी ‘इंडियनलिस्ट’ नावाची पुरवणी यादीही आहे. या याद्यांत कित्येक हजार नियम असतात. काही नियम म्हणतात, अमक्या पत्त्यावरून काहीही आणू नकोस. काही म्हणतात, आणलेल्या पानातला अमका चौकोन दाखवू नकोस. आणि तिसऱ्या जातीचे नियम अपवादाचे: अमक्या संकेतस्थळावर मात्र याला आत येऊ दे, नाहीतर पान मोडते. जाहिरातवाले पत्ते बदलतात, संकेतस्थळे आपली रचना बदलतात, म्हणून याद्यांची डागडुजी रोजच्या रोज चालू असते. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. भाताच्या खाचरात भातासारखेच दिसणारे तण उगवते. घाईने निंदणी केली तर रोपेही उपटली जातात, आणि भीत भीत केली तर तण माजते. बँकेतून पैसे भरताना उघडणारी छोटी खिडकी आणि जाहिरातीची उडी मारून येणारी खिडकी, दोघींची चाल सारखीच असते. ‘तुम्ही यंत्र नाही ना’ असे विचारणारे चित्रांचे कोडे, म्हणजे कॅप्चा, तेही पुष्कळदा परक्या घरूनच येते.

म्हणून ब्राउझर करणाऱ्यांनी मध्यममार्ग शोधले आहेत. एक मार्ग म्हणजे दोन पायऱ्या ठेवणे. ब्रेव्हमध्ये साधी आणि आक्रमक अशा दोन पायऱ्या आहेत. साध्या पायरीवर तो मुख्यतः परक्या घरून येणाऱ्यांनाच अडवतो, संकेतस्थळाने स्वतःच्या घरून पाठवलेल्याला सहसा हात लावत नाही, कारण घरच्याला अडवले की पान मोडण्याचा धोका फार. फायरफॉक्समध्येही नेहमीची आणि कडक अशा पायऱ्या आहेत, आणि कडक निवडताना काही संकेतस्थळे बिघडू शकतील अशी सूचना तो आधीच देतो. एजमध्ये तीन पायऱ्या असून मधली, ‘संतुलित’, ही मुळात लावलेली असते.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. मार्च २०२१ मध्ये फायरफॉक्सने ‘स्मार्टब्लॉक’ नावाची युक्ती आणली. अडवलेल्या स्क्रिप्टच्या जागी ब्राउझर आपल्या पोतडीतली एक नकली स्क्रिप्ट उभी करतो. शेतात बुजगावणे उभे करतो ना आपण, तसे! नावगाव खऱ्यासारखे, पण करत काहीच नाही. टिपणे ठेवत नाही, कुणाला निरोप धाडत नाही. पानाने हाक मारली की फक्त ‘ओ’ देते. पानाचे समाधान होते आणि ते पुढच्या कामाला लागते. जाहिरात अडवणाऱ्या इतर साधनांतही अशी बुजगावणी वापरतात. गुरुजींच्या त्या मोजणीवाल्याच्या जागी असे एखादे उभे असते, तर अर्ज पहिल्याच फटक्यात गेला असता. पण प्रत्येक स्क्रिप्टसाठी बुजगावणे बेतून घडवावे लागते, आणि जगात स्क्रिप्टा अगणित. तेव्हा हा उपाय मोठ्या, सगळीकडे आढळणाऱ्या स्क्रिप्टांपुरताच पुरतो.

कधी कधी माघार घेणेही शहाणपणाचे ठरते. यंत्राच्या बारीकसारीक खुणांवरून माणूस ओळखण्याची एक विद्या आहे. तिच्याविरुद्ध ब्रेव्हने एक फार कडक पायरी ठेवली होती. ती २०२४ साली काढून टाकायचे त्यांनी ठरवले. तिने पाने फार मोडत, आणि ती वापरणारे इतके थोडे होते की त्या थोडक्यांमुळेच ते गर्दीत उठून दिसण्याचा संभव होता. हाच ब्रेव्ह स्वतःच्या नव्या पानावर पुरस्कृत चित्रे दाखवतो, हेही सांगून ठेवतो, म्हणजे कुणी त्याला साधुसंत समजू नये.

संकेतस्थळवाल्यांचीही एक बाजू आहे. मराठीत शेतीविषयी, शाळेविषयी चांगले लिहिणारी छोटी संकेतस्थळे आहेत. वाचकाकडून ती पैसा घेत नाहीत. जाहिरातीचे चार पैसे येतात, त्यावर खर्च भागतो. सगळ्यांनी सगळ्याच जाहिराती अडवल्या तर ती बंद पडतील. काही जण मग उलट डाव टाकतात. पानात ‘ॲड्स’ अशा नावाची एक पोकळ फाइल मुद्दाम ठेवतात. ती अडली की वाचक चाळण वापरतो आहे असे ताडतात आणि पडदा टाकतात: ‘आधी चाळण काढा, मग वाचा’. असा पडदा आला तर चिडू नये. ज्याचे लिखाण तुमच्या उपयोगी पडते आणि ज्याच्या जाहिराती सभ्य आहेत, त्याच्यापुरती चाळण खुशाल काढावी. मी स्वतः दोन-तीन संकेतस्थळांपुरती ती काढून ठेवली आहे.

आता शिक्षकांसाठी कामाची गोष्ट. पान चालत नसेल तर प्रथम वरच्या पट्टीतला पत्ता नीट वाचा. लबाडाचे पान असेल तर चाळण काढण्याचा प्रश्नच नाही, ते बंद करा. पत्ता खरा असेल तर पान एकदा नव्याने उघडून पाहा. तरीही अडले तर त्याच पट्टीजवळची खूण शोधा. फायरफॉक्समध्ये ढालीचे चित्र असते, ब्रेव्हमध्ये सिंहाचे. त्यावर टिचकी मारली की फक्त त्या एका संकेतस्थळापुरती चाळण बंद करण्याची सोय दिसते. तेवढीच वापरा. सगळीकडची चाळण बंद करून टाकू नका, कारण ती पुन्हा चालू करायची आठवण कुणालाच राहत नाही. पान नव्याने उघडेल तेव्हा भरलेला मजकूर पुसला जाऊ शकतो, म्हणून लांबलचक उत्तरे आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि पैसे भरताना पान अडकले असेल तर बटण दुसऱ्यांदा दाबण्याआधी बँकेचा संदेश आला का ते पाहा, नाहीतर एकाच कामाचे दोनदा पैसे जायचे.

गुरुजींनाही अखेर असेच कुणीतरी फोनवर सांगितले. रात्री अकराच्या सुमारास ढालीवर टिचकी बसली, सारा अर्ज नव्याने भरला, आणि पोचक्रमांक आला. मुलीचे वडील तोवर ओट्यावरच थांबले होते.

पान मोडल्याची तक्रार ब्राउझरकडेही करता येते. फायरफॉक्सच्या यादीत आणि ब्रेव्हच्या त्या सिंहाखाली तशी सोय आहे. मोठे इंग्रजी येण्याची गरज नाही. पानाचा पत्ता, कोणते बटण दाबले आणि काय झाले, एवढे दोन ओळींत लिहावे. आपल्याकडच्या भाषांतली पाने कुठे मोडतात हे दूर बसलेल्या यादीकारांना सहसा कळत नाही. तसे कुणी कळवले, तर यादीत एखादा अपवाद वाढतो, आणि दुसऱ्या कुठल्या गावचे गुरुजी त्या रात्री वेळेवर जेवायला बसतात.