फिर्याद वाचून दाखविली, पण कोणत्या भाषेत?

आपल्यापैकी ज्यांच्यावर कधी पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची वेळ आली असेल, त्यांना फिर्यादीच्या शेवटची ओळ पाठ असेल. 'माझी फिर्याद माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिली असून ती मला वाचून दाखविली, ती बरोबर आहे.' त्याखाली सही, नाही तर डाव्या हाताचा अंगठा. ही ओळ आम्ही गेल्या वीस वर्षांत कितीतरी कागदांवर पाहिली. आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झालो, टेबलाला चिकटलो आणि संध्याकाळचा वेळ वस्तीतल्या लोकांच्या अर्जविनंत्यांत घालवू लागलो. त्यामुळे कागदावर काय लिहिले जाते आणि माणूस काय बोलला असतो, या दोहोंतले अंतर आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. पण हे अंतर एखाद्याच्या जिवावर कसे बेतते, ते आम्हाला एका वीटभट्टीवरच्या बाईने शिकविले.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची, विदर्भातल्याच एका ठाण्यातली. ठाण्याचे नाव सांगत नाही, कारण असे कुठल्याही ठाण्यात घडू शकते. छत्तीसगडची ती बाई, काखेत लेकरू, पायात चप्पल नाही. भट्टीवरून चोरवाटेने निघून कुणाच्या तरी सांगण्यावरून आमच्या कार्यकर्त्यांकडे आली. आम्ही तिला घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार माणूस वाईट नव्हता. त्याने बाईला बाकावर बसविले, पाणी दिले आणि विचारले, "बोला, काय झालं?" बाई भडाभडा बोलू लागली. 'पइसा नइ देवत हे' एवढे त्यालाही कळले आणि आम्हालाही. पुढे ती सारखी म्हणत होती, 'हमन ला छेंक के राखे हे.' ते कुणाला समजले नाही. अंमलदाराने मान डोलावली आणि मराठीत लिहून काढले की, मजुरीच्या पैशावरून ठेकेदाराशी वाद झाला आहे. अदखलपात्र नोंद. वाचूनही दाखविली, अगदी नियमाप्रमाणे. बाईने शाईचा अंगठा पुढे केला.

आता सांगायला लाज वाटते, पण तो अंगठा उमटला असता तरी आम्ही काही बोललो नसतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एतदर्थ मंडळाची हिंदी भाषेची परीक्षा पास झालेले. हिंदी आपल्याला येते, ही नागपूरकडच्या माणसाची जन्मजात समजूत. छत्तीसगडी म्हणजे मोडकी हिंदी, असेही आमचे ठाम मत होते. अंगठा थांबला तो ठाण्यासमोर चहाची टपरी चालविणाऱ्या मावशीमुळे. ती आत कप उचलायला आली होती. तिचे माहेर राजनांदगावकडचे. तिने ऐकले आणि म्हणाली, "साहेब, ते म्हणून राह्यली का आमाले कोंडून ठेवलं. नवरा अन् सासू अजून थ्याच भट्टीवर हायेत. जाऊ देत नाही."

छेंकणे म्हणजे अडविणे. एवढ्या एका शब्दावर सगळे प्रकरण फिरले. मजुरीचा वाद म्हटला तर तो अदखलपात्र कागद, त्यावर पोलीस जागचा हलत नाही. माणसे अडवून ठेवली म्हटले तर तो दखलपात्र गुन्हा, पोलिसांनी स्वतः जायला हवे. आगाऊ उचल देऊन त्यापायी माणसे राबविली असतील, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो आणि महसूल अधिकाऱ्यांनाही धावावे लागते. अंमलदाराने पहिला कागद फाडला आणि नवीन लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी माणसे बाहेर आली. मजुरी अर्धीच मिळाली, ती कथा वेगळी.

त्या रात्री आम्ही मौद्याला परतलो तेव्हा कन्हानच्या पुलावर बस थांबली होती. बसमध्ये कान देऊन ऐकले, तर मागच्या बाकावर भोजपुरी, पुढे उडिया, दारात आपली नागपुरी. मौदा हे तालुक्याचे लहान गाव, भोवताली धानाची शेती. पण इथे एनटीपीसीचा वीज प्रकल्प उभा राहिला, २३२० मेगावॅटचा, आणि त्याच्या बांधकामापासून बिहार, झारखंड, ओडिशाचे कामगार येत राहिले. भंडारा रस्त्याने छत्तीसगड काही लांब नाही. म्हणजे हा प्रश्न फक्त जंगलातल्या गडचिरोलीचा नाही, आमच्या बसथांब्यावरचाही आहे.

तरी गडचिरोलीचे उदाहरण घ्यावेच लागते, कारण पोलीस शिपायाला दुसरी भाषा आली पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात प्रत्यक्ष उतरला तो तिथे. १९८२ साली चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा निघाला. आत गोंडी आणि माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे निर्वासित बंगाल्यांची बंगाली, कोरचीकडे छत्तीसगडी. आणि ठाण्यात बसलेला शिपाई मात्र बहुधा बाहेरच्या जिल्ह्यातला, मराठी बोलणारा. गोंडी ही मराठीची बोली नव्हे, हे आपल्यातल्या शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसते. ती द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली भाषा. गाव म्हणजे नार, घर म्हणजे लोन. 'मी' ला गोंडीत 'नना' म्हणतात. विचार करा, पोलिसाने विचारले "तू होतास का तिथे?" आणि घाबरलेला म्हातारा 'नना, नना' करीत आपले सांगू लागला, तर मराठी कानाला तो नन्नाचा पाढाच वाटणार. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. एवढी माणसे असून ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाही.

१९९० साली तिथे सी-६० हे पथक स्थानिक आदिवासी तरुणांतून उभे केले गेले. त्याचे एक कारण भाषा हेच होते. नक्षलवादी गावात जाऊन गोंडीत बोलत आणि सरकार मराठीत. मग गाव कुणाचे ऐकणार? अलीकडे तिथल्या शिपाई भरतीत गोंडी-माडिया भाषेचा वेगळा लेखी पेपरच ठेवला गेला. पोलीस मदत केंद्रांवर दाखले आणि योजनांसाठी जी खिडकी उघडली, तिचे नावही 'दादालोरा खिडकी' असे लोकांच्या बोलीतले ठेवले. हे चांगलेच झाले. मात्र एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. भाषा गावाची खबर काढण्यासाठी शिकली की गावाचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी, हे गावाला बरोबर कळते. पहिल्या कामासाठी शिकलेली भाषा लोकांच्या मनातली भीती घालवीत नाही.

आमचा एक भाचा कुरखेड्याकडचा. भरतीची तयारी करीत होता. त्याने फोन करून रागाने विचारले, "मामा, आम्ही बौद्ध, आमच्या घरी मराठी. आता हा गोंडीचा पेपर आमच्यासाठी का?" त्याचा राग आम्ही समजू शकतो. आपल्या पोरापोरींना आधीच मैदानावर धावायचे, गोळा फेकायचा, शारीरिक चाचणीचे ५० आणि लेखीचे १०० गुण जमवायचे. अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. आई घरकाम करते, बाप हातगाडी ओढतो, क्लासची फी कर्जाने. त्यात आणखी एक पेपर म्हणजे आणखी एक गाळणी, असे वाटणारच.

पण आम्ही त्याला उलट विचारले की, तुझ्या शेजारी कोण राहतात? म्हणाला, गोंड. लहानपणापासून कुणासोबत खेळलास? म्हणाला, त्यांच्याच पोरांसोबत. मग पुस्तकाच्या दुकानात गोंडीची गाइड शोधत फिरण्यापेक्षा मित्राच्या आजीजवळ जाऊन बस की! तो गेला. पहिले पंधरा दिवस आजी नुसती हसत होती म्हणे. आमचे स्पष्ट मत असे की, हा पेपर लेखी असण्यापेक्षा तोंडी असावा. लेखी ठेवला की घोकंपट्टी आली, घोकंपट्टी आली की क्लासवाले आले. फिर्याद घ्यायची असते ती कानाने. आजही भरतीत समास आणि विभक्ती विचारतात, पण समोरच्या म्हातारीचे बोलणे उमेदवाराला कळते का, हे कुणी तपासत नाही. जिल्ह्याजिल्ह्याची भाषा ठरवावी, गरीब मुलांना ती शिकविण्याची फुकट सोय करावी आणि ती येणाऱ्याला जादा गुण द्यावेत. सरसकट सक्ती करून आपल्या मुलांची वाट अडवू नये.

कुणी म्हणेल, हे परदेशातले फॅड आहे. २०१५ साली लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी काही काळ प्रयोग म्हणून नवीन शिपायांना इंग्रजीशिवाय १४ भाषांपैकी एक तरी यावी, अशी अट घातली होती. त्या यादीत बंगाली, पंजाबी, हिंदीही होत्या. म्हणजे आपल्या देशातून तिकडे गेलेल्या मजुराचे गाऱ्हाणे समजावे म्हणून लंडनने विचार केला. इथल्या छत्तीसगडी बाईसाठी आपण का करू नये? बेळगावातला मराठी माणूस सरकारी कागद मराठीत मागतो तेव्हा आपण त्याच्या बाजूने बोलतो. तेच माप मौद्यातल्या उडिया मजुरालाही लावले पाहिजे. घटनेचे ३५० वे कलम सांगते की, गाऱ्हाण्याचे निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते.

पोलीस दलात कोण असावे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी जे निवेदन दिले, त्यात सैन्य, नौदल आणि पोलीस यांत अस्पृश्यांना भरतीचा हक्क मागितला होता. एवढेच नव्हे, तर प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्यातलाच एक खास पोलीस इन्स्पेक्टर असावा, अशीही मागणी होती. नोकरी मिळावी एवढाच त्यामागचा हेतू असता तर जिल्ह्याजिल्ह्याला इन्स्पेक्टर मागण्याचे कारण नव्हते. ठाण्यात आपले म्हणणे समजणारा माणूस हवा, हा त्यातला मुद्दा होता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नागपूरचेच एक प्रकरण १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात गाजले. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन यांना प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केले आणि कारणांचा कागद दिला इंग्रजीत. त्यांना इंग्रजी येत नव्हते, त्यांनी हिंदीत मागितला. अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे, इंग्रजी ही सरकारी भाषा आहे, असे सरकारचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. ज्याला धरले त्याला समजेल अशा भाषेत कारणे दिली पाहिजेत, असे सांगून त्यांची सुटका केली. पुढे ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने आणखी स्पष्ट केले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतील.

म्हणजे आरोपीला त्याची भाषा मिळाली. फिर्यादीचे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की, तोंडी माहिती लिहून घ्यावी, सांगणाऱ्याला वाचून दाखवावी आणि नक्कल फुकट द्यावी. कोणत्या भाषेत वाचून दाखवावी, ते तिथे लिहिलेले नाही. दुभाष्याचा उल्लेख आहे, पण तो लैंगिक अत्याचाराची बळी ठरलेली स्त्री अपंग असेल तेव्हापुरता. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर सही घेण्यापूर्वी फिर्याद वाचून दाखविणे हे लोकसेवकाचे कर्तव्यच ठरविले आहे. हे कर्तव्य अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाने जाणूनबुजून टाळले, तर सहा महिने ते एक वर्ष कैद. आपल्या लोकांनी हे कलम ४ लक्षात ठेवावे. जातीच्या नावाने दिलेली शिवी ज्या शब्दांत दिली, त्याच शब्दांत कागदावर यायला हवी. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढे मोघम लिहिले की, पुढे कोर्टात वकील विचारतो, नेमके कोणते शब्द? आणि फिर्यादी गप्प. वऱ्हाडीत दिलेली शिवी पुस्तकी मराठीत लिहू नका म्हणून अंमलदाराला सांगायला घाबरू नका. घरातले शिकलेले पोर बरोबर न्या. समजले नाही तर सही करू नका, 'पुन्हा वाचा' म्हणा.

मागच्या महिन्यात आम्ही त्या ठाण्याकडे दुसऱ्या कामाने गेलो होतो. टपरी तिथेच आहे. चहा घेता घेता मावशीला विचारले, अजून बोलावतात का? म्हणाली, "हो ना भाऊ, छत्तीसगडचं माणूस आलं का दारातून हाक मारतात. गिऱ्हाईक टाकून जाव लागते." त्याचे काही मिळते का, असे विचारले. ती गाळणी झटकत म्हणाली, "साहेब चहा माह्याच टपरीवरून मागवते. त्याचे पैसे मात्र देते, खोटं कायले बोलू."